बिग बँडसाठी ब्लूज लिहिताय? अजून कॉर्ड टाकू नका, आधी वाटणी बघा

नांदेडच्या एका भाऊंनी विचारलंय, तेच आधी थोडक्यात सांगतो. कॉलेजच्या कार्यक्रमासाठी त्यांनी सतरा जणांचा बिग बँड, म्हणजे मोठा जॅझ बँड, जमवलाय, निम्मी पोरं संगीत शिकणारी आणि निम्मे लग्नाच्या बँडमधले वाजवणारे. त्यांच्यासाठी एफ पट्टीत बारा बारचा ब्लूज लिहिलाय (बार म्हणजे चार मात्रांचा एक खाना, बारा बार फिरले की एक आवर्तन), कॉम्प्युटरवर झकास वाटतो, पण माणसांनी वाजवला की नुसता कालवा, आणि तिसऱ्या आवर्तनानंतर ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं. आता अजून कोणते कॉर्ड टाकू म्हणजे जॅझ वाटेल, असा प्रश्न आहे.

भाऊ, तुम्ही स्कोअरचा, म्हणजे सगळ्यांचे सूर एकत्र लिहिलेल्या कागदाचा, जो फोटो टाकलाय तो बघितला. कॉर्डमध्ये काही कमी नाही, उलट दोन-चार जास्तच झालेत. तुमचा खरा प्रॉब्लेम दुसरा आहे, पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत सतराच्या सतरा जण वाजवायलेत. पानावर विश्रांतीची खूण शोधावी लागते. ब्लूजमध्ये फॉर्म तुम्हाला आयता मिळतो, बारा बार आणि तीन मुख्य कॉर्ड, ते हजारो लोकांनी वापरलेत आणि पुढंही वापरतील. अरेंजरचं काम उरतं ते एवढंच की कोण कधी बोलणार आणि कोण कधी गप बसणार, आणि माझ्या मते सगळी कला त्यातच आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे आधी मान्य करतो. तुमचे ट्रंपेटवाले किती वर चढतात, स्टाफ नोटेशन किती जणांना येतं, ट्रॉम्बोन आहेत की युफोनियमवर भागवताय, बॅरिटोन सॅक्स मिळालाय का, यावर लिहायची पद्धत बदलते. पूर्ण बँड म्हणजे पाच सॅक्स, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन आणि पियानो, गिटार, बास, ड्रम. आपल्याकडं बॅरिटोन सॅक्स क्वचित मिळतो, मग तो भाग युफोनियमला द्या, चांगला चालतो. दुसऱ्या आल्टोच्या जागी क्लॅरनेट चालतो, फक्त क्लॅरनेट बी फ्लॅटचा असतो आणि आल्टो ई फ्लॅटचा (कागदावरचा सी वाजवला की एकातून बी फ्लॅट ऐकू येतो, दुसऱ्यातून ई फ्लॅट), तेव्हा पार्ट नव्यानं लिहून द्या, आल्टोचा कागद तसाच हातात देऊ नका. ज्यांना नोटेशन येत नाही त्यांना सारेगममध्ये वहीत लिहून द्या, त्यात काहीही कमीपणा नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या काळातला जॅझ पियानोवादक काउंट बेसीचा बँड कितीतरी गोष्टी कागदाशिवायच बसवायचा, एकानं रिफ, म्हणजे परत परत येणारा सुरांचा छोटा तुकडा, काढायचा, सेक्शननं, म्हणजे एका जातीच्या वाद्यांच्या गटानं, उचलायचा आणि पाठ करायचा. तुमचे लग्नाच्या बँडवाले नवीन गाणं मोबाईलवर ऐकून संध्याकाळच्या वरातीत वाजवतात, म्हणजे हे कसब त्यांच्याकडं तयार आहे, विद्यार्थ्यांपेक्षा त्यांनाच ते सोपं जाईल.

पहिल्यांदा रिफ बघू. तुमची थीम बाराच्या बारा बार अखंड चालते, श्वासाला जागा नाही. ब्लूजच्या गाण्यात मुळात तीन ओळी असतात, एक ओळ, तीच ओळ परत, आणि मग तिसरी ओळ उत्तराची. प्रत्येकीला चार बार, पण गाणारा त्यातले साधारण दोन-अडीच बारच वापरतो, उरलेल्या जागेत गिटार नाहीतर पियानो उत्तर देतो. ती रिकामी जागाच बिग बँडचं भांडवल आहे. तुळजापूरच्या बाजूचा गोंधळ ऐकला असेल तर हे लगेच कळेल, मुख्य गोंधळी ओळ टाकतो आणि झीलकरी मागून झील धरतात, संबळ खाली चालूच असतो, पण झीलकरी मुख्य गोंधळ्याच्या ओळीवर चढून कधी गात नाहीत, ओळ संपायची वाट बघतात. तुमचे सॅक्स म्हणजे गोंधळी धरा आणि ब्रास (ट्रंपेट-ट्रॉम्बोन) म्हणजे झीलकरी. सध्या दोघंही एकाच वेळी गायलेत म्हणून कालवा होतोय.

रिफला सूर फार लागत नाहीत. जॅझ बँडवाल्या ड्यूक एलिंग्टनचा सी जॅम ब्लूज ऐका, १९४२ चं रेकॉर्डिंग, थीम फक्त दोन सुरांची आहे, जी आणि सी, म्हणजे पंचम आणि वरचा सा. सगळी गंमत लयीत आहे. तुमच्या थीममध्ये मी मोजत बसलो नाही पण पहिल्या चार बारमध्येच अख्खं सप्तक फिरून झालंय. त्यातले पहिले पाच-सहा सूर घ्या, ते खरंच छान आहेत, तेवढ्याचाच रिफ करा आणि तिथंच थांबा. पाचव्या बारला कॉर्ड बदलतो तेव्हा तोच रिफ परत वाजवा, एखादा सूर कॉर्डप्रमाणे वाकवून. नवव्या बारला काहीतरी वेगळं म्हणा. थीम झाली.

सुरांचं म्हणाल तर ब्लूजचे मुख्य पाच सूर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि, आपल्या धानी रागाचेच. म्हणून आपल्या पोरांना ते चटकन सापडतात. पण धानीसारखं वाजवलं तर ब्लूज होत नाही, कारण खाली कॉर्डमध्ये शुद्ध ग चालू असतो आणि वर चाल कोमल ग घेते, त्या दोन गंधारांची घासाघीस हाच ब्लूजचा जीव आहे. पोरांना सांगा की कोमल ग वर थेट बसू नका, थोडं खालून या नाहीतर शुद्ध ग कडं झुकू द्या. मींड येणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पण हे सोलोत आणि युनिसनमध्ये (सगळे एकच सूर) ठीक, चार जण चार वेगळे सूर धरून असताना प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं सूर वाकवला तर ते बेसूरच ऐकू येणार, तिथं सरळ वाजवायचं.

आता हार्मनी, कारण तुमचा प्रश्न त्यावरच होता. एक छोटीशी गोष्ट नीट समजली की अर्धं काम होतं असं मला वाटतं. एफ ला सा धरा. पहिला कॉर्ड एफ सेव्हन, त्यातले महत्त्वाचे सूर दोनच, शुद्ध ग आणि कोमल नि. सा बास वाजवतोय आणि प नसला तरी कुणाला कळत नाही. पाचव्या बारला बी फ्लॅट सेव्हन येतो, त्याचे महत्त्वाचे दोन सूर म्हणजे शुद्ध ध आणि कोमल ग. आता बघा काय झालं, ग अर्धा सूर खाली उतरून कोमल ग झाला आणि कोमल नि अर्धा सूर उतरून ध झाला. दोघंही अर्धाच सूर उतरले आणि अख्खा कॉर्ड बदलला. नवव्या बारला सी सेव्हन येतो तेव्हा बरोबर उलटं, ग अर्धा सूर चढून म होतो आणि कोमल नि अर्धा सूर चढून शुद्ध नि होतो. म्हणजे घरातून, एफ सेव्हनवरून, बी फ्लॅट सेव्हनकडं जाताना दोन्ही सूर अर्धा सूर खाली, सी सेव्हनकडं जाताना दोन्ही अर्धा सूर वर. हे दोनच सूर दोन ट्रॉम्बोनला लांब धरायला द्या, मधल्या सी च्या खालच्या सप्तकात, कोमल नि खाली आणि ग वर. बास आणि हे दोन ट्रॉम्बोन एवढेच वाजवून बघा, बाकी सगळे गप. आख्खा ब्लूज ऐकू येईल. पियानो पण लागणार नाही.

हे ऐकल्यावर कळेल की तुमचे बाकीचे कॉर्ड कशासाठी आहेत. चौथ्या बारमध्ये सी मायनर सेव्हन आणि मग एफ सेव्हन टाकलाय तो चांगला आहे, पाचव्या बारकडं ढकलतो. सहाव्या बारमधला बी डिमिनिश्ड पण ठेवा, आठव्यात डी सेव्हन, नवव्यात जी मायनर सेव्हन, दहाव्यात सी सेव्हन, हे सगळं जॅझवाले रोज वाजवतात. पण पहिल्या तीन बारमध्ये तुम्ही दर दोन मात्रांना कॉर्ड बदललाय तो काढा. ब्लूजला सुरुवातीला घरात नीट बसू द्यावं लागतं, नाहीतर पाचव्या बारला घर सोडल्याचं समाधान मिळत नाही. आणि सगळ्या आवर्तनात सारखेच कॉर्ड ठेवायची गरज नाही, पहिल्या थीमला साधे तीन कॉर्ड, शेवटाकडं जरा भरलेले, असं चढवत न्या.

कालव्याचं दुसरं कारण, खालचा गाळ. तुम्ही ट्रॉम्बोन, बॅरिटोनचा भाग, पियानोचा डावा हात आणि गिटार या सगळ्यांना खालच्या पट्टीत पूर्ण कॉर्ड दिलाय, त्यात प्रत्येकाचा सा आहेच. स्पीकरवर ते चालतं, खोलीत माणसं वाजवतात तेव्हा घुमतं. मी पाळतो तो नियम असा, मधल्या सी च्या एक सप्तक खालचा जो सी आहे त्याच्याखाली तिसऱ्या सुराचं अंतर ठेवायचं नाही, सा आणि ग चिकटून नाहीत, तिथं पंचमाचं किंवा सप्तकाचं अंतर हवं. सा बासकडं सोडून द्या. पियानोवाल्याला सांगा की ब्रास वाजत असताना डावा हात मांडीवर. गिटारवाल्याला चार मात्रांना चार हलके स्ट्रोक, दोन-तीन तारांचेच, बस.

सॅक्सचं एक उदाहरण देतो म्हणजे कागदावर दिसेल. समजा एफ सेव्हनवर लीड आल्टोला, म्हणजे सेक्शनमध्ये सगळ्यात वरचा सूर वाजवणाऱ्याला, पंचम म्हणजे सी आलाय, मधल्या सी च्या वरचा. त्याखाली ए, जी, ई फ्लॅट असे चिकटून द्या, आणि पाचव्या माणसाला लीडचाच सी एक सप्तक खाली. यात एफ कुठंच नाही, त्याच्या जागी जी आलाय, आणि आवाज लगेच जॅझसारखा होतो कारण नववा सूर, म्हणजे सा पासून मोजत गेलं तर वरचा रे, आला. आता हीच चाल आणखी वर चढली तर हे चार सूर चिमटल्यासारखे तीक्ष्ण वाटतात, तेव्हा वरून दुसरा सूर उचलून एक सप्तक खाली टाका, म्हणजे सी, जी, ई फ्लॅट आणि मग खालचा ए, आणि बॅरिटोनला एफ. याला ड्रॉप टू म्हणतात, आवाज मोकळा होतो. पण हे सगळं करायच्या आधी पहिल्यांदा थीम पाचही सॅक्सला युनिसनमध्ये द्या, एकच सूर. नवीन अरेंजरला युनिसनची भीती वाटते की लोक म्हणतील याला हार्मनी येत नाही. पाच सॅक्स एका सुरात नीट एकत्र वाजले की त्याला जी धार येते ती पाच सुरांच्या कॉर्डला येत नाही, आणि नंतर हार्मनी उघडली की तिची किंमत कळते.

ट्रंपेटबद्दल जरा कळकळीनं सांगतो. लग्नाच्या बँडमधला ट्रंपेटवाला तासन् तास वाजवतो हे खरं, पण ते वेगळं वाजवणं आहे, उन्हात, चालत, बहुतेक मधल्या पट्टीत. तुमच्या लीड ट्रंपेटला तुम्ही दुसऱ्याच आवर्तनापासून वरचा सी लावून ठेवलाय आणि तो शेवटपर्यंत खाली येत नाही. ओठ थकतात, मग सूर पडतो, मग तो जोर लावतो, आणि मग सगळा बँड जोर लावतो. वरचे सूर एकाच आवर्तनासाठी राखून ठेवा, त्याच्या आधीचं आवर्तन त्याला पूर्ण रिकामं द्या. कॉम्प्युटरला दम लागत नाही म्हणून त्यावर हे कधी कळत नाही.

पट्टी बदलायची का, तर हा पण विचार करा. एफ मध्ये ट्रंपेट आणि टेनर जी मध्ये वाचतात, आल्टो आणि बॅरिटोन डी मध्ये, अवघड काही नाही. बी फ्लॅटमध्ये आणलं तर ट्रंपेट आणि टेनर सी मध्ये, आल्टो जी मध्ये, नवशिक्यांना अजून सोपं. पण पट्टी सोयीवर ठरवण्याआधी बघायचं की तुमच्या शेवटच्या आवर्तनात लीड ट्रंपेटचा सगळ्यात वरचा सूर कोणत्या पट्टीत त्या माणसाला झेपतो. तिथून मागं मोजत या.

आतापर्यंतचं एका दमात म्हणजे थीम तोडा, रिकाम्या जागेत उत्तरं टाका, खालचा गाळ काढा, आणि ट्रंपेट राखून ठेवा. एवढं केलं तरी निम्मा कालवा जाईल. आता कंटाळ्याचं बघू.

एका मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर बारा बारचं एक आवर्तन २४ सेकंदात संपतं, म्हणजे दहा आवर्तनं झाली की चार मिनिटं. कॉलेजच्या स्टेजवर तेवढं पुरे. ही दहा आवर्तनं लिहायच्या आधी एका कागदावर आडवी रेघ ओढून दहा खाने करा आणि प्रत्येकात फक्त कोण वाजवणार ते लिहा, सूर नंतर. मी असं करीन, पहिलं आवर्तन नुसतं बास, हाय-हॅट (ड्रमची पायानं मिटायची झांज) आणि पियानोचे चार शिंतोडे. दुसऱ्यात सॅक्स युनिसन थीम. तिसऱ्यात तीच थीम आणि ट्रंपेट मोकळ्या जागेत उत्तर देतायत, म्यूट (ट्रंपेटच्या तोंडाला आवाज दाबायला लावतात ते) लावून असेल तर अजून छान. मग तीन आवर्तनं सोलो. सातव्यात सॅक्सची हार्मनी पहिल्यांदा उघडते. आठव्यात लीड ट्रंपेट सोडून सगळे, पण एकदम हळू, कुजबुजल्यासारखं. नववं म्हणजे शाऊट, सगळा दारूगोळा इथं. दहाव्यात थीम परत आणि शेवट. आठवं हळू ठेवल्याशिवाय नववं मोठं वाटत नाही हे लक्षात ठेवा, आवाजाला तुलनेसाठी शेजार लागतो.

सोलोमागं काय वाजवायचं हे लोक सगळ्यात कमी विचार करून लिहितात. पहिल्या सोलो आवर्तनात मागं काहीच नको, पोराला बास आणि ड्रमबरोबर मोकळं सोडा. दुसऱ्यात ते दोन ट्रॉम्बोनचे लांब सूर, वर सांगितलेले. तिसऱ्यात एक छोटा रिफ, पण सोलो ज्या उंचीच्या सुरांत आहे त्यांच्या बाहेर, टेनर सोलो असेल तर मागं ट्रंपेट म्यूट लावून किंवा खालचे ट्रॉम्बोन, बाकीचे टेनर-आल्टो नकोत. बेसीच्या १९३७ च्या वन ओ'क्लॉक जंपमध्ये शेवटाकडं ऐका, सॅक्सचा रिफ वेगळा, ट्रंपेटचा वेगळा, ट्रॉम्बोनचा वेगळा, एकावर एक, तरी प्रत्येक ऐकू येतो कारण एकाचे सूर दुसऱ्याच्या मोकळ्या मात्रेत पडतात. ती शेवटची आवर्तनं तुम्ही कानानं उतरवून काढा, फक्त लय, सूर नाही. एका ओळीत सॅक्स, एका ओळीत ट्रंपेट, एका ओळीत ट्रॉम्बोन, कोण कुठल्या मात्रेवर. पुस्तकापेक्षा त्यातून जास्त शिकाल.

शाऊटमध्ये ड्रमरला विसरू नका. प्रत्येक ठोका लिहून देऊ नका, तो वाचत बसेल आणि लय मरेल. बारा बार तिरक्या रेघा मारा आणि वर छोट्या अक्षरात लिहा की ब्रास कुठं ठोकतोय. त्याचं काम ठोक्याच्या आधीच्या मोकळ्या जागेत तयारी करून बँडला त्यात ढकलणं. तुमचा ड्रमर साइड ड्रमवरून आलाय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हात तयार असणार, त्याला फक्त सवय बदलावी लागेल, पहिल्या मात्रेवर जोर देण्याऐवजी हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटायचा. आणि स्विंग, म्हणजे जॅझची झोकदार लय, सांगताना गणित कमी सांगा. मात्रेचे तीन भाग करा, पहिले दोन जोडून लांब, तिसरा आखूड, तिस्र जातीसारखं, इथून सुरुवात होते, पण लय वाढेल तसे दोन्ही भाग सारखे होत जातात, म्हणून १२० ला जसं वाजवता तसं २०० ला वाजवता येत नाही. ते कानानंच येतं.

हे सगळं आपल्याकडं परकं आहे असं पोरांना वाटू देऊ नका. अमेरिकन जॅझवाल्या लिऑन ॲबीचा बँड १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता, नंतर पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले, आणि ते ऐकत वाजवत तयार झालेले गोव्याचे वादक पुढं सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आले. त्यातल्याच ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांनी संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम केलं, आणि सी. रामचंद्र आपल्याच महाराष्ट्रातल्या पुणतांब्याचे. तुमच्या लग्नाच्या बँडवाल्या काकांनी ती गाणी ट्रंपेटवर वाजवलीच असतील, म्हणजे स्विंग त्यांच्या बोटात आधीपासून थोडा आहे, त्यांना तिथूनच धरा.

तालमीचं शेवटी. सगळ्यांना एकदम बसवू नका. पहिल्या दिवशी बास, ड्रम, पियानो, गिटार एवढेच, आणि आवाज कमी ठेवून बारा बार न थांबता फिरवा. मग सॅक्स वेगळे, ब्रास वेगळे, आणि वाद्य हातात घेण्याआधी प्रत्येक सेक्शननं आपला रिफ तोंडानं म्हणायचा, कुठला सूर आखूड कुठला लांब ते लीडवाला ठरवेल आणि बाकीचे त्याची नक्कल करतील. आखूड-लांब एकसारखं झालं की कच्चा बँडसुद्धा पक्का वाटतो. मग सगळे एकत्र, आणि तेव्हा तुम्ही समोर उभं राहू नका, हॉलच्या मागच्या खुर्चीवर मोबाईल ठेवून रेकॉर्ड करा. ते ऐकताना एका हातात पेन्सिल ठेवा आणि जिथं थीम ऐकू येत नाही तिथं कुणाचातरी पार्ट खोडा. नवीन स्कोअर झाला की तो आणि ते रेकॉर्डिंग दोन्ही इथंच टाका, सोलोमागची तीन आवर्तनं आणि शाऊटचे शेवटचे चार बार मी बारकाईनं बघून सांगतो.